नामदेवभाऊंचा पॉज

आधी माफी मागून घेतो. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून हातात पेनापेक्षा पान्हाच जास्त राहिला. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्या.

राळेगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि संध्याकाळी समाजमंदिरात आमची नाटकमंडळी. ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. लोकांनी कापूस घरातच रचून ठेवला होता. पाहुणा आला तरी त्याला कापसावरच बसवायचे! आता कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते. मंडळीतल्या किश्श्यांचंही तसंच. साठत जातात, आणि सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

* * *

आमचे दिग्दर्शक वानखडे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा नाटकात. त्यांचं एकच म्हणणं, "डायलॉग पाठ कोणीही करतं. नट कुठं थांबतो, त्यावरून तो नट आहे का ते कळतं!"

थांबण्याच्या बाबतीत राठोडभाऊंचा हात कोणी धरला नसता, कारण ते एसटीत कंडक्टर. वाक्य संपलं की समोर जे असेल त्यावर दोनदा टकटक. टेबल, खुर्ची, माझा खांदा, काहीही.

सर ओरडले की म्हणायचे, "डबल बेल देल्ल्याबिगर पुढचं वाक्य सुटतच नाई जी!"

नाटकात ते आजोबा होते आणि पहिल्याच अंकात मरायचे. सरांनी शक्कल काढली. दोन्ही हात चादरीखाली! प्रयोगाला राठोडभाऊंनी शेवटचे शब्द काय सुंदर म्हटले! डोळे मिटले, मान टाकली. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

आणि चादरीखालून खाटेच्या पाटीवर आवाज आला. टक टक!

पायाशी बसून रडणारी नात म्हणजे कविताताई. ती हळूच म्हणाली, "सुटली गाडी."

हळूच म्हणाली, पण माइक तिच्याच डोक्यावर होता!

* * *

ही कविताताई अंगणवाडीत मदतनीस. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. सर तिच्यावर खूश. फक्त तिचं प्रत्येक वाक्य गाण्यासारखं वर जाऊन खाली यायचं.

एकदा तिच्याच गावात प्रयोग होता. अंगणवाडीची सगळी पोरं पुढं बसलेली. ताई बॅग घेऊन स्टेजवर आली आणि म्हणाली, "बाबा, मी आले!"

खालून पोरं एका सुरात, "बाबा, मी आले!"

ताई दचकली, पण थांबली नाही. "दार का लावलं?"

"दार का लावलं?"

पाचव्या वाक्याला ताईचा संयम संपला. त्याच चालीत, त्याच आवाजात ती म्हणाली, "तोंडावर बोट!"

सगळ्या पोरांनी तोंडावर बोट ठेवलं. स्टेजवर खाटेवर पडलेल्या राठोडभाऊंनीसुद्धा!

* * *

नाटकातला बाप म्हणजे नामदेवभाऊ. मार्केट यार्डात कापसाची हर्रास, म्हणजे लिलाव बोलायचे. आवाज असा, की या गेटवर बोलले तर त्या गेटवरचे बैल मान वर करायचे.

सरांनी नाटक पुस्तकी भाषेत लिहिलं होतं. त्यात बापाचं मुख्य वाक्य होतं, "मुली, तू सुखात आहेस ना, असे मी तुला विचारतो आहे."

नामदेवभाऊंनी ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि हात जोडले. "सर, वाक्य चांगलं हाय. पन हे मागचं 'विचारतो आहे' म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं बांधलेलं डबडं हाय. नुसतं वाजते!"

सर चिडले, मग हसले. वाक्य झालं, "पोरी, सुखी हायेस ना व?"

यानंतर पॉज होता. मोठा. पोरगी काहीच बोलत नाही, बाप वाट पाहतो, तेवढ्यात जावई येतो आणि तिला घेऊन जातो. सर म्हणायचे, "तिचं न बोलणं हेच आपलं नाटक!"

पण नामदेवभाऊंना थांबणं जमेचना. "पोरी, सुखी हायेस ना व? हायेस ना? हाये म्हन! हाये? झालं!"

"नामदेव, हा काय सौदा आहे का?"

"काय करू जी? यार्डात आपन गप झालो, का माल गेला! जीभ थांबतच नाई."

त्या वर्षी यार्डात आठवडेच्या आठवडे हर्रास होत नव्हती. नामदेवभाऊ मला म्हणाले होते, "दिवसभर तिथं मुका बसून राह्यतो गा. सांजच्याला इथं बाप होतो, तवा कुठं घशाले बरं वाटते." आणि नेमका हाच बाप त्यांच्या हातून जायची वेळ आली होती, एका पॉजपायी.

* * *

एका तालमीला त्यांना पॉज जमला! प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटून उभे राहिले. सरांनी श्वास रोखला. आम्ही सगळ्यांनीच.

खिडकीत यार्डातले दोन हमाल तालीम पाहत होते. नामदेवभाऊ गप्प झालेले त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. एक जण घाबरून ओरडला, "पन्नास वाढवा माह्याकडून!"

नामदेवभाऊंचा हात आपोआप वर गेला. "पन्नास एक वार!"

* * *

जावई मी होतो. चार वाक्यांचा. पंक्चर काढताना ती मी ट्यूबला ऐकवायचो. पण लोकांसमोर माझा आवाजच निघत नाही. प्रत्येक शब्दाला पॉज. "सुखात... आहे... ती..."

नामदेवभाऊंनी एकदा कंटाळून माझंही वाक्य म्हणून टाकलं आणि स्वतःच त्याला उत्तर दिलं!

सर कपाळावर हात मारून म्हणाले, "या दोघांना मिक्सरमधून काढा रे कोणी! एक नट तरी निघेल!"

मग गंभीर झाले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यवतमाळच्या स्पर्धेत पॉज चुकला, तर पुढच्या प्रयोगाला बाप हा करेल."

मी खाली पाहिलं. नामदेवभाऊ म्हणाले, "पाठ करून ठेव गा. लाजू नको."

* * *

यवतमाळला आमचा नंबर दुपारी होता. हॉल अर्धा भरलेला.

राठोडभाऊ न वाजवता मेले. शेवटच्या अंकात कविताताई पुन्हा बॅग घेऊन आली. मी विंगेत. नामदेवभाऊ तिच्यासमोर उभे राहिले. "पोरी, सुखी हायेस ना व?"

आणि थांबले.

थांबले म्हणजे थांबलेच! पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. शेंगा फोडणारा एक जण फोडायचा राहिला. नामदेवभाऊंची नजर पोरीवरून हलेना. मला आत शिरायचं होतं, पण पाय उचलेना.

कविताताईने खाली घातलेली मान वर केली.

"नाई, बाबा."

हे नाटकात नव्हतं! मी घाबरून आत शिरलो आणि पाठ होतं ते म्हणून टाकलं, "सुखात आहे ती, मामाजी. चला, गाडीची वेळ झाली."

नामदेवभाऊंनी शांतपणे तिची बॅग उचलली. घरात नेऊन ठेवली. परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"जावईबापू, गाडी गेली तुमची."

हॉल असा उठला, की राठोडभाऊंना वाटलं नाटक संपलं. त्यांनी पडदा ओढला!

आत येताच सर ओरडले. "शेवट खाल्ला माझा! कविता, तुला बोलायचंच नव्हतं!"

"बाप एवढा येळ थांबला, सर. एवढं कोन थांबते जी? उत्तर द्याच लागलं."

सर नामदेवभाऊंकडे वळले. "मी पॉज मागितला होता, नवीन नाटक नाही! पुढच्या प्रयोगाला बाप बदलला. ठरलं."

परतीच्या एसटीत नामदेवभाऊ माझ्या शेजारी बसले होते. कळंब गेल्यावर म्हणाले, "बापाचं पाठ झालं ना रे तुह्यं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी सरांच्या घरी गेलो. सर अंगणात दाढी करत होते. तोंडाला फेस होता, त्यामुळे त्यांना बोलता येईना. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, बाप तोच राहू द्या. जावई काढून टाका."