पिवळीचं पाणी

काकूंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलाय, आणि त्याचं कारण मासे. बारा वर्षं, आठवड्यातून दोनदा, न्हाणीघरापासून पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीपर्यंत तीन भरलेल्या बादल्या. नवरा नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेला. इमारतीत त्याला प्रोफेसर म्हणत, अर्धे आदराने, अर्धे थट्टेने, आणि त्याला फक्त पहिले अर्धे ऐकू येत.

मासे म्हणजे ड्वार्फ सिक्लिड. दोन पेरांएवढे, दिसायला देखणे आणि तब्येतीने महानाजूक. त्यांना लागतं मऊ पाणी, आणि इथल्या नळाचं पाणी असं जड की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातले बाकीचे लोक गाळायची यंत्रं घेऊन बसले होते. प्रोफेसरचा हट्ट, यंत्र घेणार नाही. नळाचंच पाणी, पण तीन दिवस उघड्या बादलीत ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातो, आणि तळाशी वाळलेली पानं टाकायची. दर पिढी त्या पाण्याला थोडी जास्त सरावते, असं त्याचं म्हणणं. खोटं कशाला बोला, जमलं होतं त्याला. आठवी पिढी टाकीत खेळत होती. पाण्याचे तक्ते भिंतभर लागले होते. बादल्या कोण उचलतं, ते मात्र एकाही तक्त्यात नव्हतं.

काकू टाकीशेजारी मशीनवर लोकांचे कपडे उसवून-शिवून देत. मशीन घरघरलं की एक मादी काचेशी येऊन थांबे. अंडी घातली की ती हळदीसारखी पिवळीजर्द होई, टाकीत उलटी ठेवलेल्या कुंडीखाली ठाण मांडी, आणि दुप्पट आकाराच्या नराला असा कोपऱ्यात पिटाळी की बिचारा दिवसभर डोकं वर काढत नसे. काकूंना ते बघायला फार आवडे. का, ते सांगायला नको. त्या तिला पिवळी म्हणत.

एकदा मंडळाची बैठक घरी झाली. दहा माणसं जमली होती. काकू चहा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, "हल्ली नळाच्या पाण्याला मधूनच उग्र वास येतो. काहीतरी बदलताहेत वाटतं."

"ऐका!" प्रोफेसर म्हणाला. "मी उगाच तक्ते काढत बसलो. आमच्या घरात हे नाक आहे!" माणसं हसली. त्याला आणखी चेव आला. "हे बघ, माशांच्या बाबतीत मी विचारीन तेव्हाच तोंड उघडायचं. तोवर बादल्या उचलायच्या. कळलं?"

मंडळाचा सेक्रेटरी इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला. तो काकूंनीच पुसला.

पुढे दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, पाणीखात्याची सूचना पेटीत आली. प्रोफेसर गुडघ्यांमुळे जिना उतरत नसे, टपाल काकूच आणत. तीत लिहिलं होतं, कालपासून पाण्यात नवीन औषध घातलं जात आहे, पिण्यास सुरक्षित आहे, मात्र मासे पाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी की पाणी कितीही दिवस उघडं ठेवलं तरी हे औषध उडून जात नाही. काकूंनी ती जिन्यातच दोनदा वाचली. मग वर येऊन बटणांच्या डब्याखाली ठेवून दिली.

शुक्रवारी पाणी बदलायचा दिवस. रविवारी सेक्रेटरी आठवी पिढी बघायला येणार होता, म्हणून प्रोफेसरला टाकी आरशासारखी लख्ख हवी होती. बादल्या मंगळवारीच भरलेल्या. काकू पहिली बादली घेऊन दारात थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. पिवळीने आदल्याच दिवशी अंडी घातली होती.

"खांबासारखी काय उभी राहिलीस? ठेव आणि जा."

त्यांनी ठेवली आणि गेल्या.

शनिवारी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं वासत होते. प्रोफेसरचं धाबं दणाणलं. "साबणाचे हात लावलेस का टाकीला?"

"नाही."

"खाणं घातलंस?"

"नाही."

विचारलं तेवढ्याचं उत्तर. मग त्याने तेच केलं जे मासे पाळणारा प्रत्येक जण घाबरला की करतो. आणखी पाणी बदललं. पुढच्या वेळेसाठी भरून ठेवलेली एक बादली, मग दुसरी. जितकं बदलावं तितके मासे जास्त तडफडत, आणि जितके तडफडत तितकं तो ओरडे, "आण, आण लवकर!" काकू आणत राहिल्या. दुपारपर्यंत एक शब्द बोलल्या असत्या तर निम्मे तरी वाचले असते, हे त्यांना ठाऊक होतं. श्वासासाठी सगळे वर आले, पिवळी तेवढी आली नाही. ती कुंडीशीच राहिली, अंड्यांवर पंख हलवत. काकूंनी मशीन सुरू केलं नाही.

रविवारी सेक्रेटरी आला तेव्हा टाकीत हलणारं काही नव्हतं.

"अहो काका, नवीन औषध आलंय ना पाण्यात," तो म्हणाला. "घरोघर सूचना टाकलीय. तुमच्याकडे नाही आली?"

प्रोफेसरने मान वळवली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने माशांबद्दल बायकोला खरोखर काही विचारलं.

"तुला माहीत होतं?"

काकूंनी बटणांच्या डब्याखालचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "विचारलंत म्हणून सांगते. मंगळवारपासून."

सेक्रेटरी या वेळी हसला नाही. प्रोफेसरने कागदावरून मान वर केली. "आणि ती पिवळी? ती तर तुझी लाडकी होती!"

"होती ना. म्हणून तर दारात उभी राहिले होते."

काकूंना वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. बरं वाटलंही, आणि त्याचीच त्यांना शिसारी आली. मेलेले मासे काढायला त्यांनी जाळी उचलली, तशी ती घ्यायला प्रोफेसरने हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही. कुंडी उचलून पिवळीला स्वतः बाहेर काढलं. रंग अजून तसाच होता. तिला ओंजळीत धरून काकू मशीनपाशी बसल्या. तिसरी बादली अजून दारात भरलेली होती, आणि ती उचलायला कुणीच पुढे झालं नाही.