सासूबाईंच्या वाफ्यातलं खेचर

माझ्या सासूबाई, क्लोतिल्द, माणसांची पारख नाकाने करत. म्हणजे समोरच्याच्या नाकाने. लग्नाआधी मी पहिल्यांदा वालसोरला आले, तेव्हा अजून माझा कोट खुंटीला लागला नव्हता, तोच त्यांनी लव्हेंडरच्या तीन काड्या माझ्यासमोर धरल्या.

"डोळे मीट, आणि वास घेऊन सांग, यातली कपाटात कुठली ठेवशील?"

आल्बाँ, माझा होणारा नवरा, त्यांच्या मागे उभा राहून जिवाच्या आकांताने खुणा करत होता. पण मिटल्या डोळ्यांना खुणा कशा दिसणार? मी मधली सांगितली. तिचा वास सगळ्यांत दणकट होता.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला साबण आवडतो वाटतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे, ओगुस्त, मिशीतल्या मिशीत हसले. "अगं, तिला आत तर येऊ दे. मीसुद्धा मधलीच सांगितली होती. तरी केलंस ना माझ्याशी लग्न?"

"केलं. आणि लोक मला अजून विचारतात, का केलंस म्हणून."

त्या काड्यांचं प्रकरण समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. सासूबाईंचं माहेर सेरफोर, डोंगरात अगदी वर. तिथे फक्त खरी लव्हेंडर येते: बुटकी, बारीक पानांची, एका दांड्याला एकच कणीस, आणि वास असा मऊ की नाक जवळ न्यावं लागतं. खाली उतारावर उन्हात आस्पिक उगवते. तिची पानं रुंद, दांड्याला फांद्याच फांद्या, आणि वास कापराचा, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायच्या मलमासारखा. मध्ये जिथे दोघींची हद्द लागते तिथे मधमाश्या कुळगोत्र न विचारता इकडचं तिकडे करतात, आणि त्यातून लाव्हांदिन जन्माला येते. आईबापांपेक्षा उंच, धिप्पाड, अर्क भरपूर, साबणात घालायचा; मी निवडलेली मधली काडी हिचीच. पण तिला बी म्हणून कधी धरत नाही. म्हणून सेरफोरचे लोक तिला खेचर म्हणतात. वालसोरचं सगळं पठार या खेचराने जांभळं झालेलं असतं, आणि आमचं अख्खं घर त्याच्यावरच जेवतं. सासूबाईसुद्धा जेवतात. पण तोंड वाकडं करून.

सासरे तरुणपणी गाड्यावर बसवलेली अर्काची भट्टी घेऊन उन्हाळ्यात सेरफोरला जायचे. क्लोतिल्द आणि तिची थोरली बहीण अदेल डोंगरभर विळ्याने लव्हेंडर कापायच्या, खांद्याला बांधलेल्या झोळ्या भरायच्या आणि भट्टीवर आणून ओतायच्या. एकदा अदेलमावशीचा माल भट्टीत होता आणि क्लोतिल्द समोरच्या दगडावर बसून जोड्यातला खडा काढत होती. ओगुस्तचं लक्ष त्या खड्याकडे. खाली पाणी आटलं, माल करपला, आणि अदेलमावशीच्या वाट्याला जळक्या लाकडाच्या वासाचा अर्क आला.

"त्या खड्यापायी माझा उन्हाळा जळाला," अदेलमावशी अजून म्हणते.

"तुझा उन्हाळा जळाला, माझा जन्म," सासूबाई म्हणायच्या. हे त्या दरवर्षी म्हणायच्या, आणि म्हणताना सासऱ्यांच्या ताटात मटणाचा चांगला तुकडा वाढायच्या.

लग्नाच्या पेटीत आईने दिलेल्या चादरींच्या खाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेली खऱ्या लव्हेंडरची रोपं घालून सासूबाई खाली वालसोरला आल्या. घरामागे वाफा केला. मग भोवती भिंत पाहिजे झाली. सासऱ्यांनी भिंत घातली. मग ती बुटकी वाटली, म्हणून आणखी चढवली. खेचराचा वारा लागू नये म्हणे. कापणीच्या दिवसांत सासऱ्यांनी शेतातून येताना गोठ्यातच सदरा बदलायचा, हा नियम.

"मधमाश्यांचं काय करणार आहेस?" सासऱ्यांनी भिंत बांधताना विचारलं होतं.

"त्यांना अक्कल आहे," सासूबाईंचं उत्तर.

आता माझं रोप. माझ्या माहेरी, समुद्राकडच्या टेकड्यांवर, वेगळीच लव्हेंडर असते. तिचं कणीस आखूड, जाड, आणि टोकाला दोन जांभळ्या पाकळ्या वर उभ्या. आम्ही तिला फुलपाखरू म्हणतो. लग्न झाल्यावर मी आईकडून एक कुंडी आणली आणि उंबऱ्याशी ठेवली. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हिला कान आहेत."

"पाकळ्या आहेत, आई."

"कान आहेत. लव्हेंडरला कान कशाला? काय ऐकायचंय तिला?"

ती कुंडी खुराड्याशेजारी गेली. मला सांगण्यात आलं की इथल्या चुनखडीच्या मातीत ती वाचणार नाही, आमच्या पाण्याने पिवळी पडेल, आणि पहिल्या हिवाने मरेल. तेव्हा जीव लावू नकोस. मी नव्या सुनेसारखी गप्प बसले. पण रोप काही पिवळं पडेना. मग एकदा पन्हळीखाली बादली दिसली. पावसाचं पाणी साठवून सासूबाई गुपचूप त्या कानवालीला घालत होत्या. आणि पहिलं हिव पडलं त्या सकाळी मी खाली आले, तर कुंडी स्वयंपाकघरात, चुलीपासून जरा लांब, नीट उजेडात.

"कोंबड्या टोचत होत्या तिला," सासूबाई बटाटे सोलता सोलता म्हणाल्या. वर बघितलं नाही. "मी अंड्यांसाठी कोंबड्या पाळल्यात. पानं खाऊन त्यांची अंडी वासाची झाली तर?"

"कोंबड्या लव्हेंडर खातात, आई?"

"तुमच्याकडची खात असतील."

मी त्या घरातली झाले ती त्या सकाळी, असं मला वाटतं.

पुढे काही वर्षांनी वाफ्यात एक नवं रोप उगवलं. सासूबाईंनी आपल्या सगळ्यांत जुन्या, माहेरच्या झाडाचं बी धरलं होतं. थंडीत खोक्यात पेरलं, बर्फात तसंच बाहेर ठेवलं, वसंतात रोपं निवडून वाफ्यात लावली. त्यांतलं एक दुसऱ्या वर्षी बाकीच्यांना मागे टाकून सुटलं. पानं भरदार, खोड जाड, वाढ अशी की शेजारची रोपं त्याच्या सावलीत गेली.

सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. पाववालीला आणून दाखवलं. पाद्रीबुवांना चर्चमधल्या प्रार्थनेनंतर हाताला धरून आणलं. "सेरफोरचं रक्त आहे," त्या सांगायच्या. "खालच्या मातीतसुद्धा दबत नाही." अदेलमावशीला तर फोन करून सांगितलं की या उन्हाळ्यात ये, तुझ्या अंगणात नाही असं काहीतरी माझ्याकडे आहे. सासरे एकदा त्या रोपाजवळ उकिडवे बसले, एक पान चुरगळलं, हुंगलं आणि उठले.

"काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. छान आहे."

"मग हसतोस कशाला?"

"छान आहे म्हणून."

जूनमध्ये बाकीच्या झाडांना कणसं आली तरी हे आपलं वाढतच होतं. मग त्याने दांडे काढले, लांबच लांब. आणि एका सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर सासूबाई वाफ्यात गुडघे टेकून, हातात शिवणाची बारीक कात्री घेऊन बसलेल्या. प्रत्येक दांड्याला मधल्या कणसाच्या खाली डावी-उजवीकडे एकेक धाकटं कणीस फुटत होतं, आणि त्या ते कापून एप्रनच्या खिशात लपवत होत्या.

मी ओली चादर हातात घेऊन तशीच उभी. खऱ्या लव्हेंडरला फांद्या फुटत नाहीत, एवढं तर आता मलाही कळत होतं.

"आई, हे..."

"कीड आहे," त्या म्हणाल्या.

"कुठली कीड?"

"फांद्यांची." मग हात खाली टाकून त्या मातीतच बसल्या. चेहरा असा उतरला की मला हसू येत होतं तेही विरलं. "नोएली, अदेल रविवारी येतेय गं."

रविवारी अदेलमावशी आली. काळा पोशाख, हातात पर्स, आणि नाक नेहमीप्रमाणे पुढे. जेवायच्या आधीच म्हणाली, "दाखव." आम्ही सगळे मागे गेलो. सासूबाईंनी कात्रीचं काम चोख केलं होतं. लांबून प्रत्येक दांड्याला एकच कणीस. मावशी झाडाभोवती एक चक्कर मारून आली, वाकली, एक कणीस तळहातावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

आल्बाँने श्वास रोखला. मीही.

"क्लोतिल्द," मावशी सावकाश म्हणाली, "ह्याला कापराचा वास आहे. हे खेचर आहे."

सासूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सासरे पुढे झाले. "मीच लावलंय ते," ते म्हणाले. "हिची गंमत करायला. रोप काढून शेतातलं एक खुपसलं. हिला कळलंच नाही."

मावशीला एवढी मेजवानी बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. "मला वाटलंच! पहिल्यांदा माझा माल जाळलास, आता हिचा वाफा नासवलास! तुझ्या हातात कुणी भट्टी दिली, कुणी बायको दिली, देव जाणे!" सासरे मान खाली घालून ऐकत राहिले. अधूनमधून "खरंय, अदेल," म्हणत होते. बोलणी खायची त्यांना सवय होती आणि मला वाटतं थोडी आवडही.

जेवायला बसलो. मटण आलं, शेंगा आल्या, मावशीचं चालूच होतं. सासूबाई गप्प. त्या गप्प बसल्या की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जायचं. शेवटी चीज कापता कापता त्यांनी सुरी ताटावर आपटली.

"पुरे, अदेल. त्याने काही लावलेलं नाही. माझ्या बीचं आहे ते."

"काय?"

"आईच्या झाडाचं बी मी माझ्या हाताने पेरलं. त्यातून आलंय. बाजूच्या फांद्याही मीच कापल्या, माझ्या एप्रनच्या खिशात आहेत, बघायच्या असतील तर." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे? माझं रोप आपलं म्हणून सांगतोस? गावातलं एवढं मोठं झाड माझ्या वाफ्यात झालंय, आणि श्रेय तू घेणार?"

सासरे थक्कच झाले. "अगं, मी तुला वाचवत होतो!"

"मला काय झालंय वाचवायला?"

मावशी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे भिंतीच्या आत? तुझ्या त्या भिंतीच्या आत हे झालं?"

"त्याची आई घरचीच आहे," सासूबाई ताठ बसून म्हणाल्या. "बाप उतारावरचा कुणीतरी आस्पिक. आता मधमाशीने आणला त्याला मी काय करू?"

"आपल्या आल्बाँचंही तसंच आहे की," सासरे म्हणाले. "आई सेरफोरची, बाप खालचा. उंची बघ त्याची."

"पण मला पोरं होतात," आल्बाँ घाईघाईने म्हणाला, कारण मी तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होते आणि मला शेजारीच बसवलं होतं.

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. अदेलमावशीला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं की खोकल्यासारखं येतं आणि थांबत नाही. तिला पाणी द्यावं लागलं. पाठ चोळावी लागली, ती सासऱ्यांनी चोळली.

झाड काढायचा विषय निघाला नाही. पण त्याला बी धरणार नाही, म्हणजे ते एकटंच म्हातारं होऊन जाणार, हे सासूबाईंच्या मनाला लागलं. शरदात त्यांनी त्याच्या काड्या छाटून वाळूत लावल्या. बहुतेक सगळ्या फुटल्या. एक पाववालीच्या दाराशी गेली, एक पाद्रीबुवांच्या अंगणात, एक विहिरीपाशी. लोकांना देताना त्या बजावून सांगायच्या, "हे खेचर आहे हं. कपाटात ठेवू नका." घेणारे हो म्हणायचे आणि कपाटातच ठेवायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी सासऱ्यांना उतारावरून एक आस्पिक खणून आणायला लावली आणि भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात लावली.

"आता हिला कशाला?" सासऱ्यांनी कुदळ खांद्यावरून उतरवत विचारलं.

"व्याह्यांना किती वर्षं बाहेर उभं करायचं? लोक काय म्हणतील?"

सासऱ्यांनी निमूटपणे खड्डा केला. ते जाऊन आता काही वर्षं झाली. सासूबाईंची कंबर वाकलीय, वाफ्यात खाली बसल्या की मला हाताला धरून उठवावं लागतं. उठताना माझा हात बरोबर नाही, असं सांगतात. मागच्या उन्हाळ्यात अदेलमावशी आली तेव्हा जाताना तिच्या पर्समध्ये ओल्या कागदात गुंडाळलेली कसलीतरी काडी मला दिसली. सेरफोरच्या थंडीत ती लागली की नाही, कोण जाणे. फोनवर विचारलं की मावशी हवेबद्दल बोलायला लागते.