गुळाचा खडा

"इसको बाहर बिठाओ, पार्टी आ रही है," शेठ म्हणाला.

माझी धाकटी जाऊ राईस मिलच्या दारात ओणवी पडली होती. ओठ निळे. छातीतून शिट्टी वाजत होती. मी तिची पाठ चोळत होते. शेठने गुळाचा खडा वरूनच टाकला. तो भुशात पडला.

"खिला दे. ठीक हो जाएगी."

धान भरडले की भुसा मागच्या बंद खोलीत येऊन पडतो. आम्ही दोघी तिथे पोती भरायचो. खिडकी नाही. खिडकी ठेवली तर भुसा उडतो, माल वाया जातो. नाकाला पदर बांधायचा, बस. सुटी झाली की दारावर गूळ मिळे. गुळाने धूळ पोटात उतरते, असे शेठ सांगे. आमच्या बायाही तेच सांगत. दिवाणजीला गूळ हातात. आम्हा बौद्ध बायांना वरून.

जाऊ अर्धा खडा तिच्या पोरीसाठी पदराला बांधून न्यायची. खोकला वाढला तेव्हा म्हणाली, "मी पुरता गूळ नाही खाल्ला बाई, म्हणून झालं हे."

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरने छातीचा फोटो पाहिला. म्हणाला, "गूळ पोटात जातो, धूळ छातीत. कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

जाऊने भिंतीकडे तोंड फिरवले. धान कापणीच्या आधीच ती गेली. शेवटी तिला पाणीही गिळता येत नव्हते. मी नुसती बघत बसले.

मी पुन्हा मिलमध्ये गेले. दुसरे काम कुठे होते? सुटीला शेठ दारावर आला.

"उसकी लड़की बड़ी हो गई ना? कल से ले आ."

आणि दोन खडे टाकले. एक माझा, एक पोरीचा.

मी हात पुढे केला नाही. खडे खाली पडले.

"क्यों, गुड़ कड़वा हो गया?"

बाकीच्या बाया आपापला गूळ पदराला बांधत होत्या.

"पोरगी नाही येत," मी म्हणाले. "आधी खोलीले खिडकी फोडा."

"तो तू भी मत आ."

नाही गेले. खिडकी अजून फुटली नाही. माझ्या जागी दुसरी बाई पोती भरून राहिली. सुटीच्या वेळी मी फाटकाबाहेर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरचे बोलणे सांगते. काही ऐकतात, काही गूळ चघळत निघून जातात. मी उभी राहणार. पोरगी त्या खोलीत जाणार नाही. न्यायचीच असेल तर मला तुडवून न्यावी लागेल.

त्या खोलीत आम्ही दोघी होतो. मी जिवंत आहे.