सुतळी ठेवलेलं पान

मार्थामावशी गेल्या ते मला कांद्याच्या वावरात कळलं. रोपं लावत व्हते, शेजारच्या सरीतली बाई म्हणली, "अगं, तुझ्या पोरीला सांभाळायची ती म्हातारी गेली की सकाळी," अन् माझ्या हातातली रोपाची जुडी तशीच राह्यली... कारण पंधरा दिवस झालं, मी पोरीला, माझ्या स्वराला, त्यांच्याकडं पाठवलीच नव्हती. महिना व्हत आला आता, तरी ते पंधरा दिवस डोक्यातनं जात न्हाईत, म्हणून लिहिते.

आमचं गाव खोडदच्या अलीकडं. चारी बाजूनं ऊस, अन् उसात बिबट्या. कामावर जाताना आमी बाया मोठमोठ्यानं बोलत जातो, मोबाईलवर गाणी लावतो, म्हंजी तो आपला बाजूला व्हतो. मावशी मात्र त्याच वाटेनं हळूच, एकट्याच बोलत चालायच्या. ख्रिस्ती व्हत्या, दवाखान्यात आयाचं काम करून म्हाताऱ्या झालेल्या, घरात दुसरं कोणी न्हाई. आमची पोरं ओट्यावर घेऊन बसायच्या, तिथं बी ओठ हालतच. मधीच हसायच्या, एकट्याच! माझी सासू म्हणली, "पोरीच्या कानात काय फुंकती ती, बघ जरा." झालं, तवापासनं मी त्यांच्या ओठाकडंच बघत राह्यले.

मग एक दिवस मी भिंतीआड उभं राहून ऐकलं. सकाळी जी ओळ, दुपारी भाकरी खायला आले तवा बी तीच. त्यांच्या शास्त्रातली... देव आपली राखण करतो, त्याला डुलकी येत न्हाई, असं कायतरी. दुसऱ्या दिवशी परत तीच! शहाण्या माणसाला एक ओळ दोन दिवस पुरती व्हय? म्हणलं, ही करणीच.

सरळ इचारलं, "मावशी, माझ्या स्वरावर काय करताय तुमी?"

त्या खळखळून हसल्या. "तिच्यावर कशाला करू गं? माझ्यावरच करते. मला तुझ्यापरीस जास्त भ्या वाटतं त्या बिबट्याचं."

"मग रोज तेच का?"

"गोड लागतं बाई. कालचीच चव तोंडात हाय, पुढचा घास कशाला घेऊ?"

मला राग आला. म्हणलं, "पलीकडच्या वस्तीवरनं बिबट्यानं लेकरू नेलं, तवा डुलकी लागली व्हती का तुमच्या राखणदाराला?"

मावशींनी स्वराला जवळ वढलं. मग म्हणल्या, "ते मला बी कळलं न्हाई पोरी. म्हणून तर त्या ओळीपाशीच बसलेय."

मला वाटलं, सापडली! हिला सोताला बी कळंना, मग हे पुटपुटणं करणीचंच. पोरीला उचलली अन् म्हणलं, उद्यापासनं आणायची न्हाई. स्वरा त्यांच्या पदराला धरून रडत व्हती. मावशींनी एक एक बोट सोडवलं अन् नुसतं म्हणल्या, "वाटेनं मोठ्यानं बोलत जा गं बाई."

तेच शेवटचं.

माती झाल्यावर त्यांच्या भाच्यानं त्यांचं ते शास्त्राचं पुस्तक आणून दिलं, मावशीनं स्वरासाठी ठेवलंय म्हणला. मला तर हात लावायचं भ्या. सासूला न सांगता पिठाच्या डब्यामागं सारलं. पण जीव राहीना... मावशी खरं बोलल्या का, का तिथं दुसरंच कायतरी लिवलंय? मागल्या आठवड्यात घरात कोणी नव्हतं तवा काढलं. मधी गोणीची सुतळी व्हती, तेच पान उघडलं. माझी शाळा चौथीपत्तोर, जोडाक्षर आलं की गाडी अडती. अक्षरावर बोट ठेवून ठेवून अख्खी दुपार एका ओळीला गेली, मधी दूध उतू गेलं, परत पहिल्यापासनं. कुठं मंतर लपलाय का बघायला आणिक एकदा. दहादा तरी झाली असंल. तीच व्हती. मावशी बोलल्या तीच. अन् कसं काय ठाव न्हाई, मला हसू आलं... एकटीलाच! लगेच दचकून दाराकडं बघितलं, कोणी बघितलं तर न्हाई ना.

अजून माझा इश्वास बसला न्हाई. त्या लेकराच्या आईफुडं ही ओळ म्हणायची माझी छाती न्हाई. पण सुतळी मी पुढच्या पानावर सरकवली न्हाई. उसाच्या वाटेला लागलो की स्वरा माझं बोट धरून हळूच पुटपुटती, मावशीसारखी. अन् मी म्हणते मोठ्यानं, मावशीनं सांगितलं तसं, घसा फाटस्तोवर... तीच ओळ.