नावासकट चेहरे

सुरमी काळेला मी फारसा ओळखत नव्हतो. मोहोळच्या पुढे माळावर पारध्यांची पालं होती. तिथं वीज नव्हती, म्हणून कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायला ती माझ्या शिलाईच्या दुकानात यायची. आता ती पालं तिथं नाहीत आणि सुरमीही नाही.

एका संस्थेनं पालातल्या बायकांना शूटिंग शिकवलं होतं. सुरमीच्या माणसांत परक्याला खरं नाव सांगायची रीत नव्हती. सुरमीनं मात्र प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर उभं करून स्वतःचं आणि बापाचं नाव सांगायला लावलं. "आमी बी माणसंच हाव, दिसू दे की लोकांला," म्हणायची. गावात फिल्म दाखवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात एका वस्तीवर चोरी झाली. टाळ्या वाजवणारेच मोबाइलवर ती फिल्म थांबवून चेहरे शोधू लागले. बोट तिच्या भावावर, रंग्यावर थांबलं. तो त्या रात्री पालातच होता, असं ती सांगत राहिली. कुणी ऐकेना.

संध्याकाळी ती बॅटरी न्यायला आली. रस्त्यावर गावातल्या माणसांनी भरलेल्या दोन जीप माळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आज जाऊ नकोस, बाई."

"रंग्या तितंच हाय. ते आले तर समदं शूट करती."

मी बॅटरी काढून दिली.

"भरली का, काका?"

"भरली."

"दुसरी उद्या आणती."

"आण की. दुकान उघडंच असतं."