धुक्यातली बत्ती

हे मी आजवर कुणाकडे बोललेले नाही. नवऱ्याकडे नाही, बहिणीकडे नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा मी हे तेवढं वगळायचे — जसं काही देवाला ठाऊकच नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला गेल्या आठवड्यात सांगून टाकलं. तेव्हापासून मला भूक लागतेय, अगदी कडकडून. काल बांगड्याच्या तिखल्याबरोबर एवढा भात जेवले की नवरा बघत राहिला. सहा वर्षं पोटात एखादी गोष्ट धरून बसलं की अन्नाला जागा कुठून राहणार?

गोष्ट ऐकलीत तर तुम्ही हसाल. एका जुन्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट आहे. हसा, माझी हरकत नाही. पण पुढे ऐका.

मालवणपासून थोडं खाली, आमच्या किनाऱ्यावरच्या गावात मी कॉम्प्युटर क्लास चालवते. दोन खोल्या, पाच मशीन आणि दारावर पाटी. गावात दुसरा क्लास नाही, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तशी मी शहाणी. कुणाचा मॉनिटर काळा झाला, प्रिंटर अडला, की 'मॅडमना विचारा'. हे 'मॅडमना विचारा' ऐकायला मला फार आवडायचं. अजून आवडतं — खोटं कशाला बोलू? आधीच बोलून झालंय तेवढं पुरे.

आमच्या शेजारी तात्या आणि त्यांची बायको, आमच्या काकी, राहतात. तात्या तांडेल होते, म्हणजे बोटीचं सुकाणू ज्याच्या हाती तो माणूस. समोर नुसतं पांढरं धुकं असताना ते सांगायचे की खडप, म्हणजे पाण्यातला खडक, डावीकडे आहे, आणि खडप डावीकडेच असायचं. अमुक माड आणि तमुक टेकडी एका रेषेत आली की जाळं टाकायचं, या असल्या खुणा शंभरेक तरी त्यांच्या डोळ्यांत होत्या. पोरं त्यांच्या बोटीवर जायला धडपडत. त्यांच्या डोळ्यांवर सगळ्या बोटीचा जीव असायचा.

त्यांचा मुलगा अठ्ठ्याण्णव साली मोठ्या जहाजावर नोकरीला लागला. जाताना घरी कॉम्प्युटर घेऊन ठेवला आणि त्यात एक खेळ टाकून गेला. खेळात एक छोटी बोट, भोवती धुकं आणि लांब, अगदी पुसट, एक दीपस्तंभ. आमच्याकडे त्याला बत्तीच म्हणतात; गावासमोरच्या खडपावर तशी एक खरी बत्ती आहे, तात्यांच्या खिडकीतून दिसते. त्या बत्तीवर नजर ठेवून बोट बंदरात आणायची. पावसाळ्यात आमच्या बोटी माडाच्या झापांखाली किनाऱ्यावर पडून असतात, नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. ते दोन-अडीच महिने तात्या या खेळात बोट हाकायचे, चष्मा न लावता, पाय खुर्चीवर घेऊन. खेळ बनवणाऱ्याला भरती-ओहोटी कळत नाही म्हणून त्याला शिव्याही घालायचे. सुकाणूची सवय मोडू नये म्हणून खेळतो, असं ते काकींना सांगत. मला विचाराल तर मुलाची आठवण यायची म्हणून.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ते मशीन गेलं. आमच्या खाऱ्या हवेत वस्तू बंद पडत नाहीत, कुजतात. आतल्या ग्राफिक्स कार्डावर हिरवा गंज चढला होता. खोडरबर घासघासून पाहिला, उपयोग झाला नाही. तात्यांना नवीन कॉम्प्युटर नको होता, हाच हवा होता, असाच. आता शहरातली पोरं याला रेट्रो म्हणतात आणि त्यासाठी जुनी कार्डं हुडकत फिरतात. तात्यांनी तो शब्द कधी ऐकलाही नसेल.

आमच्या कोळ्यांची एक रीत आहे. इंजिनाचा भाग मोडला की कुणी त्याचं नाव-नंबर लिहून नेत नाही. मोडका भागच फडक्यात बांधायचा, दुकानाच्या फळीवर ठेवायचा, आणि म्हणायचं, असा दे. तात्यांनी ते गंजलेलं कार्ड हातरुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ह्या दाखव गो बाय, आणि अस्साच हाड," म्हणाले; म्हणजे अस्संच आण.

कणकवलीला स्टँडच्या मागे एकजण जुन्या मशीनचं सामान विकायचा. त्याने दोन कार्डं काढून ठेवली. एक लहान, धुळकट — रुमालातल्याचा जुळा भाऊच. दुसरं चकचकीत, वर पंखा, मेमरी दुप्पट. तो म्हणाला, मॅडम, जुन्या खेळांचं काही सांगता येत नाही, कुठला खेळ कुठल्या कार्डासाठी बनवलाय त्यावर असतं. जुनं कार्ड आणलंय का, बघू?

आणलं होतं. पर्समध्ये होतं. पण त्या रुमालाला सुक्या मासळीचा वास येत होता, शेजारी कॉलेजचे दोन प्राध्यापक उभे होते, आणि मी — मॅडम — तिथे कोळणीसारखं फडकं सोडून दाखवू? कोळ्याचीच मुलगी आहे मी. म्हणूनच तर लाज वाटली. नाही आणलं, म्हटलं. आणि मेमरी दुप्पट आहे, वाईट कसं असेल, असा शहाणपणा करून चकचकीत कार्ड उचललं.

इथवरची चूक कुणाच्याही हातून होते. या चुकीसाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी कार्ड बसवलं. मशीन सुरू झालं, रंग झळझळीत, काकींनी कौतुकाने चहा टाकला, शेजारच्या दोघी बघायला आल्या. तात्यांनी खेळ लावला. बोट निघाली, धुकं आलं — आणि धुकंच राहिलं. जाड, पांढरं, भिंतीसारखं. जुन्या कार्डावर ते विरळ दिसायचं आणि त्यातून बत्ती लुकलुकायची. या कार्डाला तसलं विरळ धुकं रेखाटताच येत नव्हतं. मला एका नजरेत कळलं. कळलं नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तात्या पुढे वाकले. "बत्ती खंय गेली गो?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. 'चुकीचं कार्ड आणलं, बदलून आणते' — एवढंच वाक्य होतं. किती लागतं ते म्हणायला? मी बोट पुढे केलं, पडद्यावर कोऱ्या पांढऱ्या जागेवर टेकवलं, आणि म्हटलं, "ती काय थंय, तात्यानू. तुमका दिसना नाय?"

त्यांनी डोळे बारीक केले. चष्मा मागवला, लावला, काढला, पुसून परत लावला. मग हसले — कसंतरीच — आणि म्हणाले, "हां हां. आसा आसा. दिसली."

दिसली म्हणाले. तिथे काही नव्हतंच.

त्या वर्षी नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, बोटी पाण्यात गेल्या, आणि तात्यांनी सुकाणू पुतण्याच्या हाती दिलं. "माझे डोळे आता दर्याक पुरनत नाय," एवढंच बोलले. काकी त्यांना डोळ्यांच्या तपासणीला कणकवलीला घेऊन गेल्या. वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. तात्या परत येऊन म्हणाले, "त्या डॉक्टराक धुक्यातला काय कळता?" आणि विषय संपला. डॉक्टरपेक्षा मॅडमवर त्यांचा विश्वास जास्त.

मग ते किनाऱ्यावर जाळी शिवत बसायला लागले. सायकल सोडली. तिन्हीसांजेला एकटे बाहेर पडेनात. चांगला धडधाकट माणूस माझ्या डोळ्यांदेखत आंधळ्यासारखा वागायला शिकत होता, आणि मी मूग गिळून रोज त्यांच्या अंगणातून क्लासला जात होते. बोटी परतायच्या वेळी ते हातातली सुई थांबवून उभे राहायचे. मी त्या वेळेला तिकडून जायचं टाळू लागले.

तुम्ही म्हणाल, गुपचूप कार्ड बदलायचं. तेही केलं — अर्धं. दोन महिन्यांनी परत कणकवलीला गेले, ते धुळकट कार्ड तिथेच होतं, ते घेतलं. आणि आणून कपाटात ठेवलं. तात्यांच्याच रुमालात. बसवलं नाही. बसवलं की बत्ती दिसणार, बत्ती दिसली की ते विचारणार, मग त्या दिवशी खंय होती? 'सर्व्हिसिंग केलं' म्हणून थाप मारता आली असती. ती थापसुद्धा मारली नाही. त्यांचे डोळे माझ्या कपाटात होते, आणि मी वरून साड्या रचत गेले. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं.

यंदाच्या नारळी पुनवेला गाव किनाऱ्याकडे निघालं होतं. उतरणीच्या पायऱ्यांशी तात्या थांबले. गर्दीत त्यांनी मला ओळखलं — लांबून, बरं का — आणि हात पुढे केला. "हात धर गो बाय. माका दिसना नाय." मी हात धरून त्यांना खाली नेलं. त्यांचा पंजा अजून सुकाणू धरल्यासारखा घट्ट होता. नारळ पाण्यात पडताना मी पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. कार्डाचे दात खोडरबरने साफ केले, रुमालासकट त्यांच्या घरी गेले. मशीनवरची चादर काढली, पंख्याचं कार्ड उपसलं, हे बसवलं. तात्या खुर्चीत बसले. बोट निघाली. धुकं आलं, विरळ झालं, आणि त्यातून बत्ती लुकलुकली.

तेव्हा मी बोलले. त्या दिवशी तिथे बत्ती नव्हती, तात्या. तुमचे डोळे बरोबर होते. मला माहीत होतं, मी खोटं बोलले. आणि हे कार्ड तेव्हापासून माझ्याकडे आहे. रडू आलं नाही. ओली मोळी डोक्यावरून खाली टाकावी तशी मान एकदम हलकी झाली. माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी लगेच देऊन टाकली असती, एवढं त्यांना मी ओळखते.

तात्यांनी खेळातली बोट सावकाश बंदरात आणली. मग मागे टेकून खिडकीबाहेर, खऱ्या दर्याकडे, बघितलं.

"खडपावरची बत्ती माका रोज दिसत होती गो," ते म्हणाले. "मिया म्हटलंय, सवयीन दिसता."