दोन वर्षं वाळलेलं लाकूड

“ते ठीक आहे, पण बॅकअप काय?” असं म्हणत आमचे एक स्नेही चष्मा कपाळावर चढवायचे. ओसाकाच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळून त्यांना ही खोडच जडली होती. सहलीला निघाले की पिशवीत दोन छत्र्या, तिसरी वहिनींच्या पर्समध्ये. आम्ही त्यांना जपानी रीतीने ‘सान’ जोडून बॅकअप-सान म्हणायचो. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असणारच.

क्योतोच्या उत्तरेला डोंगरात त्यांनी जुनं घर घेतलं. घरात विजेचा हीटर होता. पण बर्फात वीज गेली तर? म्हणून त्यांनी लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी बसवली, छपरातून धुराडं काढून. वहिनींचं थंडीशी जन्माचं वाकडं. त्यांनी बजावलं, “एक हिवाळा बघते. नाही जमलं तर मी आपली कोथरूडला.”

झालं, साहेब इरेला पेटले. सुट्टीच्या दिवशी लाकडं फोडून अंगणात रचली आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी करतात तशी चारी बाजूंनी ताडपत्रीत करकचून बांधली. “थेंब आत जाणार नाही!”

थेंब आत गेला नाही, हे खरं. ओल्या लाकडाची ओलही बाहेर गेली नाही. जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना सकाळीच वीज गेली. त्यांनी मोठ्या ऐटीत ताडपत्री सोडली, तर लाकडांवर बुरशी! शेगडी पेटेना, धूर मात्र एवढा की आग लागली समजून शेजारचे म्हातारे गृहस्थ बादली घेऊन धावत आले. प्रकार बघून ते गुपचूप परत गेले आणि घसरगाडीवर स्वतःचं सुकं लाकूड घालून घेऊन आले. “दोन वर्षं वाळवा,” ते म्हणाले. “वरून झाका, बाजू उघड्या ठेवा.”

वहिनी डोळे पुसत हसत होत्या. “अहो, ऑफिसातला बॅकअपही असाच घेता का?” त्यानंतर कोथरूडचं नाव निघालं नाही.

मग ते दरवर्षी लाकूड रचायचे आणि ढिगाला पाटी लावायचे. दोन वर्षांपूर्वी, शेवटचा ढीग रचून झाल्यावर थोड्याच दिवसांत ते गेले. फार अचानक. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. ढिगावर बॅकअप-सानच्या अक्षरात पाटी होती : ‘हा हिवाळा नाही, पुढचाही नाही, त्याच्या पुढचा. घाई करू नये.’

“मुलगी म्हणते, आता पुण्याला चल,” वहिनी म्हणाल्या. “तिला म्हटलं, अगं, हे आत्ता कुठे वाळलंय.”

वीज गेलेली नव्हती. तरी त्यांनी हीटर बंद केला आणि काडी ओढली. लाकूड लगेच पेटलं.